खोलीतली अर्धी भिंत: कापसाच्या आडोशाची एक केस

नावं-गाव गाळलंय, बाकी मापं, पैसे, चुका जशाच्या तशा आहेत. मी डिप्लोमा सिव्हिल, तालुक्याला घरकुलाच्या नि सिमेंट रोडच्या साइटवर सुपरव्हिजन करतो. ही केस मोठी नाही, सात फुटाची भिंत आहे, पण दोनदा बांधावी लागली म्हणून लिहितोय.

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, भारी काळ्या मातीचं. घर काकाजींचं, म्हणजे माझ्या वडलांच्या दोस्ताचं. जुनं घर, पांढऱ्या मातीच्या दीड-दोन फूट रुंद भिंती, वर सागवानी मयाली म्हणजे आडव्या तुळया, कवेलू काढून टिनं टाकलेली. मधली मोठी खोली 12 बाय 20 फुटाची आणि खाली दहा-बारा वर्षांपूर्वी बसवलेली शहाबादी फरशी.

2022 चा कापूस आठवत असेल सगळ्यांना. आदल्या सीझनला क्विंटलचा भाव दहा हजाराच्या वर गेला होता त्यामुळं यंदा कोणी विकायलाच तयार नव्हतं, हमीभाव लांब धाग्याला 6380 होता, बाजारात आठ-साडेआठ हजार मिळत होते तरी लोक म्हणे थांबू, आणि गावागावात खोल्या कापसानं भरल्या होत्या. काकाजींकडे 22 क्विंटल. तो मधल्या खोलीच्या मागच्या अर्ध्या भागात, साडेपाच फूट उंच, पोरांकडून तुडवून तुडवून दाबलेला. आणि पुढच्या अर्ध्या भागात आजीची खाट. आजी ऐंशीच्या पुढची, दुसरी खोली पायऱ्या चढून असल्यानं तिला तिथं नेता येत नव्हतं.

दिवाळीनंतर आजीच्या अंगाला खाज सुरू झाली. घरात कापूस भरला की होतेच ती, ज्यांच्या घरी कापूस असतो त्यांना सांगायला नको, रात्रभर खाजवत बसतात माणसं. तर तोडगा निघाला की मध्ये अर्धी भिंत घालू, कापूस तिकडं, खाट इकडं, वरून हवा खेळती राहील आणि पुढच्या वर्षी पण कामात येईल. पूर्ण भिंत नको होती कारण मागं एकच खिडकी, सगळं बंद केलं तर अंधार आणि कुबट वास.

पहिली भिंत

नोव्हेंबरमध्ये गावातल्याच मिस्त्रीनं दोन दिवसात बांधून दिली. गावठी लाल विटा, चार इंची, प्लास्टर धरून साडेचार इंच. लांबी 7 फूट, उंची साडेचार फूट. फरशीवर थोडी टाकी मारून खडबडीत केली, त्यावर मसाला, त्यावर वीट. एक टोक मातीच्या भिंतीला टेकवून सिमेंटनं सांधलं, दुसरं टोक मोकळं, पुढं पाच फुटाची जागा यायला-जायला, तिथं कापसाची गाठोडी रचायची. सहा हजारात काम झालं. दिसायला चांगली होती, पोपटी डिस्टेंपर मारलेला.

मिस्त्रीला नावं ठेवायला मी हे लिहीत नाहीये. त्याला जे सांगितलं ते त्यानं केलं. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की या भिंतीला मागून कापूस रेटणार आहे. त्याच्या हिशोबानं ती खाटेचा आडोसा होती.

जानेवारीच्या शेवटी काकाजींचा फोन आला, "बापू, भित हालते लेका. हात लावला का हालते."

अडचण नेमकी काय होती

गेलो तर पहिले ओळंबा सोडला. वरच्या काठाला दोरी धरली, खाली गोळा भिंतीच्या पायापासून दीड इंच दूर. म्हणजे साडेचार फुटात दीड इंच कलली होती, आणि कललेली कुठं, तर खाटेच्या बाजूनं. मातीच्या भिंतीशी सांधलेलं टोक पूर्ण सुटलेलं, त्या फटीत माझी करंगळी जात होती. मातीच्या भिंतीचा एक पापुद्राच सिमेंटला चिकटून बाहेर आला होता. मातीला सिमेंट धरतच नाही, सिमेंट कडक नि माती मऊ, वरचा थर घेऊन निघून येते ती.

मग काकाजींना हिशोब सांगितला, तो इथं पण मांडतो कारण अर्धी भिंत बांधणाऱ्या प्रत्येकानं तो एकदा कागदावर करावा. 7 फूट लांब, साडेचार फूट उंच, साडेचार इंच जाड भिंतीचं वजन 640 किलोच्या आसपास. ऐकायला लय वाटते. पण ती उलटते कशी? खालच्या काठावर. तिचं वजन तिला धरून ठेवते ते फक्त अर्ध्या जाडीच्या जोरावर, म्हणजे सव्वादोन इंच. आणि आपण ढकलतो वरून, 54 इंचावरून. 54 ला सव्वादोननं भागलं की 24. आता 640 ला 24 नं भागा, 27 किलो येतात. म्हणजे पाय कशात रुतलेला नसेल, नुसती फरशीवर ठेवल्यासारखी असेल, तर वरच्या काठावर 27 किलोचा आडवा जोर लागला की ती उलटायला निघते. बारावीतलं पोरगं रेलून उभं राहिलं तरी तेवढा जोर लागतो. तळच्या मसाल्याची थोडी पकड असते ती वेगळी, पण फरशीच्या गुळगुळीत पाठीवर तिचा भरवसा धरू नये.

आणि हे सरळ उभ्या भिंतीचं. दीड इंच कलली म्हणजे वजनाची मधली रेघ पाऊण इंच सरकली, सव्वादोनमधले दीड इंच उरले, जोर उरला 18 किलो. पलीकडून 22 क्विंटल कापूस आणि त्यावर उड्या मारणारी चार पोरं.

काकाजी थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणे, "मंग मायची खाट पयले हालव."

पहिल्या दिवशीचा निर्णय

खरं तर सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच होता आणि तो अर्ध्या तासात झाला. आजीची खाट बाहेरच्या सपरीत म्हणजे पडवीत, पोरांना कापसावर चढायची बंदी, भिंतीला लागून असलेला कापूस तीन फूट मागं ओढला, आणि खाटेच्या बाजूनं दोन बल्ल्या तिरप्या लावून खाली फरशीवर पाटा ठोकला. आजी बाहेर जायला तयार नव्हती, जानेवारीची थंडी. ती म्हणे, "इतक्या दिवस नाई पडली, आजच पडते का?" सपरीला तीन बाजूनं ताडपत्री लावून दिली तेव्हा गेली.

इथं माझी एक चूक सांगतो. बल्ल्या लावल्या आणि सगळ्यांना वाटलं काम झालं. मलाही साइटवरून सुट्टी नव्हती. एक महिना असाच गेला. टेकू लावलेली भिंत घरच्यांच्या नजरेला सवयीची होते, त्या बल्ल्यांवर टॉवेल वाळत घालायला लागले होते.

काय काय करता आलं असतं

फेब्रुवारीच्या शेवटी बसलो, मी, काकाजी, त्यांचा मोठा पोरगा आणि तोच मिस्त्री. मिस्त्रीला बोलवायचं का नाही यावर घरात वाद झाला होता, पोराचं म्हणणं दुसरा पाहू. मी म्हटलं त्यालाच बोलवा, त्याचा हात चांगला आहे, विटांचे सांधे पाहा, एकही उभा सांधा दुसऱ्यावर आलेला नाही. बांधणारा चुकला नाही, पाया चुकला.

काकाजींचं पहिलं मत, आहे त्याच भिंतीला मागं-पुढं दोन-दोन फुटाचे टेकू बांधायचे विटांचे. स्वस्त, दोन हजारात होईल. पण कललेली भिंत कललेलीच राहणार, टेकू पण फरशीवरच उभे राहणार, आणि खाटेच्या बाजूला दोन ठिकाणी पाय ठेचाळायला जागा. आजी रात्री उठते. हे कटलं.

मिस्त्रीचं मत नऊ इंची भिंत. यात दम होता. जाडी दुप्पट केली की वजन दुप्पट आणि अर्धी जाडी पण दुप्पट, म्हणजे उलटायला लागणारा जोर चौपट, 27 चे शंभराच्या वर. फुकटात चौपट असं वाटते. पण फरशीवर तेरा क्विंटलच्या आसपास वजन एका रेघेत येणार आणि ती फरशी खालून कशी आहे ते कोणालाच माहीत नव्हतं. शिवाय पाय पकडलेला नाही तो नाहीच. मिस्त्री म्हणाला "भाऊ, नऊ इंची हालतच नाई", आणि तो चूक नव्हता, पण फरशी खचली तर नऊ इंची पण कलते, नि मग पडली तर दुप्पट वजनानं पडते.

पोराचं मत पांढरे हलके ब्लॉक, सिपोरेक्स म्हणतात ते. त्यानं नागपूरला फ्लॅटमध्ये पाहिले होते. यात उलटा खेळ आहे. हलके ब्लॉक इमारतीच्या बीम-कॉलमच्या चौकटीत चांगले, तिथं चौकट त्यांना धरते. मोकळ्या उभ्या भिंतीला धरणारं दुसरं कोणीच नसते, तिचं वजन हाच तिचा आधार, तोच कमी केला तर उरलं काय.

अँगलची चौकट करून टीन मारायचं, हा पर्याय मला स्वतःला आवडला होता. तालुक्याहून फॅब्रिकेटर दोन दिवसात करून देईल, कापूस नसेल तेव्हा काढून ठेवता येईल. पण त्याच्या खालच्या प्लेटा बोल्टनं फरशीत ठोकाव्या लागतात, आणि इंच-सव्वा इंचाच्या शहाबादीत बोल्ट धरत नाही, खाली काँक्रीट नसून मुरूम आहे. म्हणजे त्यालाही खाली पाया लागणारच. पाया करायचाच तर मग विटाच का नको, असं काकाजी म्हणाले आणि ते बरोबर होतं. बांबूचा ताटवा आजीनं सुचवला, त्यांच्या काळी तेच असायचं. कापसाची धूळ गाळून इकडं येते म्हणून तो गेला.

एक पर्याय कोणीच तोंडातून काढत नव्हतं, तो मी काढला. कापूस विकून टाका. भिंतच नको. खोलीत सन्नाटा. काकाजी म्हणे, "आठ हजारात देऊ का? मागच्या साली दहाच्या वर होता." पुढं मी बोललो नाही. तो माझा विषय नाही आणि कर्जाचा आकडा मला माहीत नव्हता.

ठरलं ते असं. जुनी भिंत उतरवायची, विटा वाचवायच्या, फरशी काढून जमिनीत पाया घ्यायचा, आणि भिंत कोणाच्याही आधाराविना स्वतःच्या पायावर उभी करायची. मातीच्या भिंतीला हात लावायचा नाही. तिच्यात सळई ठोकून पकड घ्यायची कल्पना मिस्त्रीनं काढली होती, मी साफ नाही म्हटलं, कारण ती भिंत वरच्या मयाली धरून आहे, तिला भोकं पाडून आपण नवीन भिंतीचा जोर तिच्यावर टाकायचा म्हणजे लहानग्याला वाचवायला म्हाताऱ्याच्या खांद्यावर बसवायचं.

फरशीखाली काय निघालं

मार्चच्या पहिल्याच दिवशी सुरुवात. कापूस सगळा सपरीत काढला, खाली पाट्या टाकून वर ताडपत्री, आणि आजीची मधल्या खोलीत उलटी पाठवणी शक्य नसल्यानं शेजारच्या घरी. भिंत वरून एकेक थर उतरवली. शंभराच्या वर विटा साबूत मिळाल्या.

फरशीवर हातोड्याच्या दांड्यानं ठोकत गेलो. भरीव फरशी ठण्ण वाजते, पोकळ फरशी बद्द वाजते. खाटेच्या बाजूच्या दोन फरश्या बद्द. काढल्या तर खाली हात जाईल एवढं बीळ, घुशीचं. भिंतीच्या पायाखालून आडवं गेलेलं, आणि आत सरकीची टरफलं, कापसाचे बोळे, एक प्लास्टिकची चमचा-डबी. आमच्याच कापसातली सरकी नेऊन तिनं आमच्याच भिंतीखाली कोठार केलं होतं. फरशीला मधून केसाएवढी चीर पडली होती आणि ती बाजू बोटभर खचली होती.

आता यावरून घरात दोन पक्ष पडले. काकाजी म्हणे भिंत घुशीनं पाडली, मिस्त्रीला एकदम हायसं वाटलं. माझं मत तेव्हाही वेगळं होतं आणि आताही आहे. घुशीनं भिंत कलायला सुरुवात करून दिली, पण घूस नसती तरी 27 किलोवाली भिंत होळीपर्यंत टिकली नसती. मात्र हे खरं की मी जानेवारीतच फरशी ठोकून पाहिली असती तर बल्ल्यांचा पाटा त्याच पोकळ फरशीवर ठोकला नसता! महिनाभर आमचा टेकू पण घुशीच्या घरावर उभा होता.

पाया

खोदाई 2 फूट रुंद, सव्वा फूट खोल, आणि मातीच्या भिंतीपासून एक फूट अंतर सोडून. हे अंतर मुद्दाम. जुन्या मातीच्या भिंतीच्या बुडाला लागून खोदलं तर तिच्या पायाखालची माती सैल होते. त्यामुळं नवीन भिंत आणि मातीची भिंत यांच्यात एक फुटाची फट राहणार होती, तिचं काय करायचं ते नंतर पाहू म्हटलं.

सव्वा फुटावर मुरूम संपला, जुनी शेणामातीची जमीन संपली आणि काळी लागली, थोडी ओलसर. काळी माती पाण्यानं फुगते, वाळली की आकसते, उन्हाळ्यात शेतात हात जाईल अशा भेगा पडतात हे आपल्याकडं कोणाला सांगायला नको. मोठ्या इमारतीला यासाठी अंडर-रीम पाइल घेतात, खाली फुगीर बुडाचे खांब, रुडकीच्या सीबीआरआय या सरकारी इमारत-संशोधन संस्थेनं आपल्याकडं रुळवलेली पद्धत आहे. सात फुटाच्या भिंतीला ते म्हणजे ढेकणासाठी बंदूक. आपल्याला एवढंच करायचं की काळीत खोल शिरायचं नाही आणि तिला पाणी पाजायचं नाही. छपराखालची माती बाहेरच्यासारखी वर्षभर फुगत-आकसत नाही, जोवर आपण स्वतः पाणी ओतत नाही तोवर. बीळ विटांचे तुकडे, फुटक्या काचा आणि काँक्रीट कोंबून बंद केलं. काचा ही आजीची सूचना, घूस परत कुरतडत नाही म्हणे.

मग खाली 3 इंच बेड काँक्रीट, त्यावर दीड फूट रुंद आणि 6 इंच जाड काँक्रीटचा पट्टा, 1 सिमेंट, दीड रेती, 3 गिट्टी. पट्ट्यात 8 एमएमची जाळी सहा-सहा इंचावर. भिंत या पट्ट्याच्या मधोमध उभी, म्हणजे उलटा टी. पट्ट्याच्या माथ्यावर 6 इंच मुरूम दाबून परत तीच फरशी बसवली, म्हणजे भिंतीच्या पायावर वरून ओझं पण आलं. आता हिशोब परत करा. उलटायचा काठ सव्वादोन इंचावरून 9 इंचावर गेला, वजनात पायाची भर पडली, उंची पायाच्या बुडापासून 66 इंच धरली तरी लागणारा जोर दीडशे किलोच्या वर जातो. 27 चे दीडशे, आणि भिंत तेवढीच पातळ.

पण यात एक मेख आहे. हा हिशोब तेव्हाच खरा जेव्हा भिंत आणि पाया एकजीव असतात. नुसत्या विटा पट्ट्यावर रचल्या तर भिंत पट्ट्यापासून सुटून उलटेल, पाया जागेवर हसत बसेल. म्हणून तीन ठिकाणी साडेचार बाय नऊ इंचाचे छोटे कॉलम, त्यांच्या चार-चार सळया पायाच्या जाळीत खाली गुडघा मोडून बांधलेल्या, 6 एमएमच्या रिंगा सहा इंचावर. विटांच्या दर चौथ्या थरात 6 एमएमच्या दोन सळया आडव्या, कॉलमपासून कॉलमपर्यंत. आणि माथ्यावर 3 इंचाचा काँक्रीट पट्टा.

भिंतीला गुडघा

तिसरा कॉलम कुठून आला ते सांगायचं राहिलं. भिंतीचं जे मोकळं टोक, जिथून माणसं येतात-जातात, तिथं भिंत सरळ न संपवता खाटेच्या बाजूला 2 फूट वळवली, एल आकारात. कागद टेबलावर उभा करून पाहा, सरळ उभा राहत नाही, मधून घडी घातली की राहतो, तेवढीच गोष्ट. कापसाचा जोर खाटेकडं येतो, त्याच बाजूला तो वळलेला भाग टेकूसारखा उभा. मोकळं टोक म्हणजे धक्के खाणारं टोक, गाठोडी तिथूनच घासत जातात.

मी आधी वळण कापसाच्या बाजूला काढलं होतं कागदावर, खाटेकडं अडचण नको म्हणून. आजी शेजारून आली होती पाहायला, तिनं काठीनं जमिनीवर रेघ मारून दाखवलं, "कोपरा माह्या अंगानं कर, माहा तांब्या-पेला ठेवाले होते." तांत्रिक कारण वेगळं, तिचं कारण वेगळं, उत्तर एकच आणि ते माझ्यापेक्षा बरोबर निघालं. तिला भिंतीत देवळी पण हवी होती. चार इंची भिंतीत देवळी काढता येत नाही, मागं काही उरतच नाही, ते तिला पटलं नाही, शेवटी वळणाच्या माथ्यावर उरलेल्या शहाबादीचा तुकडा बसवून दिला.

होळी आणि अवकाळी

पाया झाला, कॉलमच्या सळया उभ्या राहिल्या नि होळी आली. 6-7 मार्च. मिस्त्री तीन दिवस गायब. काकाजींची चिडचिड, कापूस बाहेर पडलाय. मला मात्र ही सुट्टी फायद्याची वाटली, पायाला आपोआप पक्कं व्हायला वेळ मिळाला, नाहीतर दुसऱ्याच दिवशी विटा चढल्या असत्या.

पाणी मारण्यावरून वेगळाच पेच. पाइप लावून सटासट पाणी मारायची सवय असते, इथं ते चालणार नव्हतं, खाली काळी माती आणि एक फुटावर मातीची भिंत, दोन्ही पाण्याचे वैरी. मग पोती भिजवून पायावर नि नंतर भिंतीला गुंडाळली, दिवसातून चारदा तांब्यानं शिंपडायचं. हे काम काकाजींच्या धाकट्या नातीनं केलं, तिला दिवसाचे 10 रुपये कबूल केले होते.

11 तारखेला भिंत आणि माथ्याचा पट्टा पूर्ण. मी सांगितलं दहा दिवस कापूस आत आणू नका. मार्चच्या मध्यात ढग आले. त्या वर्षी अवकाळी पावसानं नि गारांनी विदर्भ-मराठवाड्यात कसं झोडपलं ते सगळ्यांना माहीत आहे. रात्री साडेदहाला फोन, "बापू, वारं सुटलं, आत घेऊ का कापूस?"

भिंत सहा दिवसांची होती. घ्या म्हटलं, पण भिंतीपासून तीन फूट दूर, मागच्या भिंतीला चढवा, आणि ओली पोती आधी काढून बाहेर फेका, नाहीतर कापूस ओल धरेल. पोती काढली म्हणजे भिंतीचं पाणी बंद झालं. भिंत का कापूस, यात मी कापूस निवडला. भिंतीची ताकद थोडी कमी भरेल एवढंच, कापूस भिजला तर वर्ष जाते. अर्धं गाव आलं होतं वाहायला, तरी सपरीच्या कडेचा दोनेक क्विंटल भिजला नि पिवळा पडला.

निकाल

खर्च साडेअकरा हजार. त्यात सिमेंटच्या 5 बॅगा, पंचवीस-तीस किलो लोखंड, रेती-गिट्टी, मिस्त्री नि मजूर. पहिल्या भिंतीचे सहा हजार गेले ते वेगळे. पहिल्याच वेळी पाया केला असता तर सगळं मिळून अकरा-बारातच झालं असतं.

कापूस उन्हाळ्यात गेला, भाव वर जायच्या ऐवजी खालीच उतरत गेला. ओला झालेला खेडा खरेदीवाल्यानं मनाला येईल त्या भावात नेला. आजीची खाज कापूस गेल्यावर थांबली, भिंतीनं किती फरक पडला मला सांगता येत नाही, खरं सांगायचं तर मला वाटते फार नाही, वरून मोकळंच होतं ना. पण खाट परत जागेवर आली.

एक फुटाच्या फटीत सागवानाची जुनी फळी उभी सरकवली, वर एक खिळा. पावसाळ्यात मातीची भिंत जरा फुगली तरी नवीन भिंतीला रेटत नाही. फळी काढली की मांजर जाते तिथून, आणि घूस परत दिसली नाही यात काचांचं श्रेय किती नि मांजरीचं किती यावर आजी नि काकाजी अजून भांडतात.

परत करायचं झालं तर

पहिली गोष्ट, फरशी पहिल्याच दिवशी ठोकून पाहीन. दोन मिनिटाचं काम.

दुसरी, पाया मधोमध न ठेवता खाटेच्या बाजूला जास्त काढीन. जोर एकाच बाजूनं येणार हे माहीत होतं, 18 इंचातले 12 त्या बाजूला दिले असते तर तेवढ्याच काँक्रीटमध्ये भिंत आणखी घट्ट झाली असती. हे मला पट्टा भरून झाल्यावर घरी जाताना गाडीवर सुचलं. मिस्त्रीला सांगितलं तर तो हसला.

तिसरी, फेब्रुवारीचा महिना वाया घालवणार नाही. तेव्हा केलं असतं तर आभाळ कोरडं होतं, कापूस भिजला नसता.

आणि एक गोष्ट जिच्यावर माझं मत अजून पक्कं नाही. मातीच्या भिंतीकडच्या टोकाला पण फूटभर वळण द्यायला हवं होतं का? त्या बाजूला फक्त कॉलम आहे. काकाजी म्हणे जागा जाते. आतापर्यंत तरी चाललंय.

गेल्या दिवाळीला गेलो तेव्हा सवयीनं ओळंबा सोडला. काटेकोर सरळ. कॉलम आणि विटांच्या सांध्यावर प्लास्टरला केसासारखी एक उभी चीर आहे, ती दोन वेगळ्या मालांच्या सांध्यावर येते, आधी कोंबडी जाळी ठोकून प्लास्टर केलं असतं तर आली नसती. काकाजींना आता त्या भिंतीवर पंख्याचं बटन पाहिजे. इलेक्ट्रिशियन छिन्नी घेऊन खाच मारायला तयारच होता, चार इंचात दीड इंचाची खाच. त्याला थांबवलं, वरून केसिंग पट्टी मारून घेतली. आजी म्हणे ते पांढरं पट्ट्याचं काही बरं नाई दिसत, तिच्यावर पण पोपटी कलर मार.